टॉवरमधल्या बाई

बाई कुठल्याही खोलीत नुसत्या शिरत नसत. दारापासून दोन पावलं अलीकडे थांबून त्या आधी वर्दी देत. "मी येतेय. डावीकडून. हातात गरम चहा." मग क्षणभर थांबून आत येत. गुडगावच्या आमच्या ऑफिसात पहिल्या आठवड्यात सगळ्यांना ही थट्टा वाटली. दुसऱ्या आठवड्यात वाटलं, वयाचा परिणाम असेल. महिन्याभरात गत अशी झाली की एखादा न सांगता आत आला की आम्हीच दचकायचो.

आमची कंपनी लहानशी होती. ड्रोन उडवायचे, कालव्यांचे, शेतजमिनींचे, नव्या रस्त्यांचे फोटो घ्यायचे आणि त्यांचे नकाशे करून द्यायचे, हे काम. मी तिथे ड्रोन पायलट होते. आमच्या साहेबांनी एके दिवशी जाहीर केलं की सुरक्षा सल्लागार येणार आहेत, त्यांची पस्तीस वर्षं विमानतळाच्या टॉवरमध्ये बसून विमानांना उतरा, थांबा, वळा असं सांगण्यात गेली आहेत. आम्हाला वाटलं, कुणी भारदस्त मिशावाले गृहस्थ येणार. आल्या त्या जेमतेम पाच फूट उंचीच्या, कापलेल्या पांढऱ्या केसांच्या, सुती साडीखाली पळायचे बूट घातलेल्या आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेल्या बाई.

"बाई" हे नाव त्यांनीच घ्यायला लावलं. मी मराठी आहे हे त्यांना माझ्या "आई गं"वरून कळलं. मी टेबलाला गुडघा आपटला होता.

"मराठी का तू? कुठे राहतेस?"

"दिल्लीतच, द्वारकेला. जन्मही इथलाच आहे माझा, काकू."

"काकू? मी तुझ्या काकाची बायको आहे का? आमच्या शाळेत शिकवणारीला बाई म्हणायचे. तसंच म्हण."

मी म्हणायला लागले आणि अख्खं ऑफिस हादरलं. दिल्लीत बाई म्हणजे घरी भांडी घासायला येते ती. मी वयस्कर सल्लागार मॅडमना सगळ्यांदेखत "बाई, इकडे या ना" म्हणाले तेव्हा अकाउंटवाल्याच्या हातातलं पेन खाली पडलं. बाईंना याचा इतका आनंद झाला की त्यानंतर साहेबांसमोर त्या मुद्दाम माझ्याकडून दोन-चारदा तसं म्हणवून घ्यायच्या.

दिशा सांगायच्या तर त्या घड्याळानं सांगत. समोर बारा, उजवीकडे तीन, पाठीमागे सहा. पहिल्यांदा फील्डवर गेलो तेव्हा त्या मला म्हणाल्या, "तुझ्या दहा वाजता कुत्रा आहे, चावरा दिसतोय." मी मनगटावरचं घड्याळ बघितलं. साडेआठच झाले होते. एवढ्यात कुत्रा डावीकडून अंगावर आला. उंचीही त्यांना फुटांतच लागे. मयूर विहारमध्ये त्यांचं घर पाचव्या मजल्यावर होतं, ते त्या "पन्नास फुटांवर" म्हणून सांगत. आणि एक होतं, कुणाशीही बोलताना त्या समोरच्याला आपल्या उजव्या हाताला उभं करत. "इकडे ये, उजवीकडे उभी राहा, मग बोल." मला वाटायचं काहीतरी शुभ-अशुभ असेल. मी विचारलं नाही.

त्यांची सगळ्यात चक्रम सवय म्हणजे चहा. ड्रोन उडवायच्या जागी पोहोचलो की आम्ही पेट्या उघडायला घ्यायचो आणि बाई सरळ जवळच्या गावात चालू पडायच्या. चहाच्या टपरीवर बसायच्या आणि विचारायच्या, "भैया, आज गाँव में क्या है?" कुणी सांगे जत्रा आहे, कुणी सांगे नेता येतोय, कुणी सांगे काही नाही. अर्धा तास त्यात जायचा. साहेब गुडगावहून फोन करत, "मैडम पहुँचीं? काम शुरू हुआ?" आणि मी सांगायचे, "मैडम चाय पी रही हैं।" या चहाची ऑफिसात एवढी चेष्टा व्हायची की उशिरा येणाऱ्या कुणालाही "गाँव में क्या है?" असं विचारायची पद्धतच पडली.

आता ज्या गोष्टीसाठी त्यांना नेमलं होतं ती सांगते. आमच्या ड्रोनमध्ये एक बोटभर लांबीचं यंत्र असतं. ड्रोनला कॅमेरा असतो हे सगळ्यांना ठाऊक असतं, या यंत्राचं कुणाला माहीत नसतं. माणसं बसलेलं जवळपास प्रत्येक विमान उडताना दर सेकंदाला स्वतःची माहिती रेडिओवर बोलत असतं. मी अमुक, मी इथे, इतक्या उंचीवर, अमुक दिशेला, इतक्या वेगानं. ड्रोनमधलं यंत्र ते ऐकतं आणि पायलटच्या हातातल्या रिमोटच्या स्क्रीनवर तिथे एक छोटं विमान उमटतं. लांब असेल तर निळं, जवळ येऊ लागलं की पिवळं, फारच जवळ आलं की लाल. रिमोट टूं-टूं वाजतो, हातात थरथरतो. बास. ड्रोन स्वतःहून बाजूला होत नाही. बाजूला व्हायचं ते पायलटनं करायचं.

हे सगळं पुस्तकात होतं आणि आम्ही परीक्षेपुरतं पाठही केलं होतं. बाईंनी ते पुस्तक बंद करायला लावलं आणि आम्हा सहा जणांना द्वारकेतल्या एका पार्कात नेलं. प्रत्येकाच्या डोळ्यांवर ओढणी नाहीतर रुमाल. "चाला. कुठेही चाला. पण दर सेकंदाला मोठ्याने आपलं नाव, कुठल्या दिशेला चाललोय ते, आणि किती जोरात, हे बोलत राहा. दुसऱ्याचं ऐका आणि त्याच्यापासून लांब व्हा." सकाळी फिरायला आलेले लोक थांबून बघायला लागले. सहा माणसं डोळे बांधून "पूरब! धीरे!", "पश्चिम! तेज!" ओरडत गवतावर फिरतायत. गंमत अशी की पाच मिनिटं झाली तरी कुणीच कुणाला धडकलं नाही. मला तर भारीच वाटायला लागलं. आणि तेवढ्यात एक माणूस माझ्यावर इतक्या जोरात आदळला की आम्ही दोघंही खाली बसलो. डोळ्यांवरचं काढून बघते तर साहेब. चष्मा गवतात. बाईंनी त्यांना गुपचूप बोलावून, डोळे बांधून, अजिबात न बोलता आमच्यात सोडून दिलं होतं.

"सर, लागलं का?" बाईंनी शांतपणे विचारलं, आणि मग आम्हाला म्हणाल्या, "ज्यांनी आवाज दिला ते तुम्हाला कळले. हा माणूस तुमच्या हिशोबात नव्हताच. पण होता ना? पतंग असतो, घार असते, यंत्र बंद पडलेलं जुनं हेलिकॉप्टर असतं. स्क्रीन रिकामी असली म्हणजे आकाश रिकामं असतं असं नाही."

परत येताना मेट्रो स्टेशनच्या जिन्यावर त्या मला म्हणाल्या, "ड्रोनला नुसती चाहूल लागते गं."

"चाहूल म्हणजे?"

त्या जिन्यातच थांबल्या. "घरी मराठी बोलता ना तुम्ही?"

"बोलतो ना यार बाई, पण इतकी नाही."

"कुणीतरी जवळ आलंय हे न बघता कळतं, ती चाहूल. ती आपोआप लागते. आणि आपण होऊन कान देऊन बसायचं, तो कानोसा. कानोसा घ्यावा लागतो." मग जिना चढता चढता म्हणाल्या, "यंत्राला चाहूल लागते. कानोसा तू घ्यायचास."

मला दोन्ही शब्द आवडले. पण खरं सांगायचं तर कानोसा वगैरे मी काही घेत नव्हते. दिल्लीच्या आसपास ड्रोन उडवणाऱ्याचा त्रास वेगळाच असतो. डोक्यावरून विमानांची रांग चाललेली असते. ती पुष्कळ उंचीवर असतात, आपल्या ड्रोनचा त्यांच्याशी काही संबंध येत नाही, पण ती बोलत असतात आणि यंत्र ऐकत असतं. स्क्रीनवर एका वेळी आठ-नऊ विमानं, त्यातली दोन पिवळी, एखादं लाल, आणि हातात सतत टूं-टूं. पहिले दोन महिने मी प्रत्येक वेळी वर बघायचे. मग बघणं बंद झालं. मग एके दिवशी मी आवाजही बंद केला. थरथरही बंद केली. कुणाला सांगितलं नाही. फार शांत वाटलं.

फेब्रुवारीतली गोष्ट. झज्जरच्या पुढे एका कालव्याचा नकाशा करायचा होता. परवानगी रीतसर होती. दोन्ही बाजूंना मोहरी फुललेली आणि कालव्याच्या काठानं सफेद्याच्या, म्हणजे आपल्या निलगिरीच्या, उंच झाडांची दाट रांग. बाईंनी ठरल्याप्रमाणे चहा घेतला आणि परत येऊन सांगितलं, "गावात लग्न झालंय. आज मुलगी सासरी जाणार. फटाके उडवतील, गावावरून नको नेऊस."

मी हो म्हटलं. काम सुरू झालं. मी रिमोट घेऊन जीपजवळ उभी आणि बाई वॉकीटॉकी घेऊन काठावरून चालत गेल्या, साधारण तीन-चारशे पावलं पुढे. पायलटची नजर स्क्रीनवर असते म्हणून आकाशावर नजर ठेवायला दुसरं माणूस लागतं, ते काम त्यांचं. ड्रोन ऐंशी मीटरवरून कालव्याच्या वर सरळ रेषेत ये-जा करत होता. शेवटचा पट्टा उरला होता. दोन मिनिटं, फार तर अडीच.

तेवढ्यात वॉकीटॉकी खरखरला. "खाली घे."

"काय झालं, बाई?"

"खाली घे आधी. बायका भेटल्या इथे, नटूनथटून चालल्यात. मी विचारलं कुठे, तर म्हणतात हेलिकॉप्टर बघायला. मुलीला हेलिकॉप्टरनं नेणारेत. शाळेच्या मैदानात चुन्यानं गोल काढलाय म्हणे. खाली घे."

मी स्क्रीनकडे बघितलं. नेहमीची विमानं होती. निळी, पिवळी, एक लाल. रोजच्यासारखी.

"बाई, स्क्रीनवर वेगळं काही नाहीये. दोन मिनिटं द्या, पट्टा पूर्ण होतोय. नाहीतर परत सगळं पहिल्यापासून—"

"खाली."

"अच्छा, अच्छा, घेते."

पण घेतलं नाही. पट्ट्याचा शेवट स्क्रीनवर दिसत होता. मी मनात म्हटलं, तेवढा होऊ दे. किती वेळ गेला मला तेव्हा कळलं नाही. मग झाडांच्या पलीकडून तो आवाज आला. आधी छातीत धडधडल्यासारखा, मग कानात. माझ्या हातांनी आपोआप रिमोटचा दांडा खाली ओढला. ऐंशी मीटर खाली यायला ड्रोनला वीस सेकंद तरी लागतात आणि ते वीस सेकंद मी अजून विसरलेले नाही. सफेद्याच्या शेंड्यांवरून पांढरं हेलिकॉप्टर एकदम वर आलं, इतकं खाली की आतल्या माणसाचा काळा चष्मा दिसला. माझा ड्रोन त्याच्या खाली होता. किती खाली ते देवाला ठाऊक. पंख्याच्या वाऱ्यात तो भेलकांडला आणि मोहरीत जाऊन आदळला.

पण त्या क्षणातलं मला नंतर पुन्हा पुन्हा दिसलं ते वेगळंच. हेलिकॉप्टर बाईंच्या मागून, डावीकडून आलं. झाडांच्या सगळ्यात जवळ त्या होत्या. मी तीनशे पावलांवर असून मला धडधड ऐकू आली, आणि त्या माझ्याकडे तोंड करून पदर हलवत उभ्या होत्या. सावली अंगावरून गेली तेव्हा त्यांनी वर बघितलं.

शाळेच्या मैदानावर अर्धं गाव लोटलं होतं. वाजंत्री, धुरळा, गाडीच्या टपावर चढलेले पोरगे. नवरी आईच्या गळ्यात पडून रडत होती आणि तिची धाकटी बहीण हेलिकॉप्टरपुढे उभी राहून फोटो काढून घेत होती. बाई गर्दीतून वाट काढत सरळ त्या पायलटपाशी गेल्या. मी मागे.

"आपका यंत्र ऑन था? पोज़ीशन भेजने वाला?"

तो रागावलाच. "मैडम, सुबह दिल्ली से ऑन ही है। आपके ड्रोन ने नहीं बताया?"

मला वाटलं, खोटं बोलतोय. जीपमध्ये बसल्यावर मी तसं म्हणालेही. "बंद असणार, बाई. नाहीतर स्क्रीनवर आलं नसतं का?" बाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी आम्हाला आत बोलावलं. "देखिए, हुआ तो कुछ नहीं ना? एक ड्रोन टूटा, बस। अगले महीने बड़ा काम मिलने वाला है। रिपोर्ट-विपोर्ट की क्या ज़रूरत है?"

"बघते," बाई म्हणाल्या, आणि रिमोटमधली नोंद संगणकावर घेऊन बसल्या. रिमोट सगळं लिहून ठेवतो, कुठल्या सेकंदाला ड्रोन कुठे होता आणि स्क्रीनवर काय दिसत होतं. दुपारी त्यांनी मला हाक मारली. मी त्यांच्या उजव्या हाताला जाऊन बसले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"हे बघ. हे लाल. उंची बघ."

उंची आमच्या ड्रोनहून थोडीशीच जास्त होती. बाकी सगळी विमानं हजारो फुटांवर आणि त्यांच्यात, अगदी तशाच चित्राचं, हे एक खाली. झाडांच्या आड आणि इतकं खालून येत होतं म्हणून ते उशिरा उमटलं होतं, पण उमटलं होतं. बाईंनी मला "खाली घे" म्हटलं त्याच्या बावीस सेकंद आधी.

"बोलत होतं गं ते," बाई म्हणाल्या. "पायलट खरं सांगत होता. आपणच ऐकत नव्हतो."

त्याच ओळीत पुढे लिहिलेलं होतं, आवाज बंद, थरथर बंद. मी ते वाचलं आणि कानशिलं तापली. बाईंनी माझ्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळपर्यंत त्यांनी रिपोर्ट लिहायला घेतला होता. मी त्यांच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले. त्या महिन्यात मी ड्रोन शिकवणाऱ्यांच्या परवान्यासाठी अर्ज केला होता. घरी आईनं मावशीला सांगूनही टाकलं होतं. असा रिपोर्ट नावावर आला तर तो अर्ज तिथेच संपणार, हे मला माहीत होतं.

"बाई, आवाज बंद होता ते लिहायलाच हवं का? सगळेच बंद करतात. तुम्हाला माहितीये इथे किती वाजतं ते."

"माहितीये."

"आणि मी उशीर केला, तेही?"

"हो."

"म्हणजे सगळं माझ्यावरच." माझा आवाज चढला होता. "तुम्ही तर झाडांच्या जवळ होतात, बाई! मला एवढ्या लांबून ऐकू आलं. तुम्ही साधं वळूनही बघितलं नाहीत. मग ते कोण लिहिणार?"

बाईंनी कागद माझ्याकडे सरकवला. "पहिला परिच्छेद वाच आधी. तुझं दुसऱ्यात आहे."

पहिल्या परिच्छेदात लिहिलं होतं की आकाशावर नजर ठेवणाऱ्या व्यक्तीला डाव्या कानानं मुळीच ऐकू येत नाही आणि उजव्यानं कमी येतं. नोकरीच्या अर्जात श्रवणशक्तीपुढे तिनं "चांगली" असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. हेलिकॉप्टरचा आवाज तिला आला नाही. खाली त्यांचं पूर्ण नाव आणि सही.

मी उभीच राहिले. बाईंनी खुर्ची दाखवली, मी बसले.

"टॉवर सोडून सहा महिने झाले होते," त्या म्हणाल्या. "एका सकाळी उठले तर अर्धं जग उशीतच राहिल्यासारखं वाटलं. डॉक्टर म्हणाले, लगेच आला असतात तर काहीतरी करता आलं असतं. मी चार दिवस वाट बघितली होती, पाणी गेलं असेल कानात म्हणून."

"मग ते 'मी येतेय, डावीकडून'..."

"लोक माझ्या अंगावर येतात ते मला कळत नाही. सारखी कुणाला तरी धडकायचे. मग ठरवलं, मीच सांगत येईन."

"घरी माहितीये?"

"नाही. कानाला मशीन लावलं की लोक मोठ्यानं आणि सावकाश बोलायला लागतात, लहान मुलाशी बोलावं तसं. आणि ही नोकरी मिळाली नसती. घरी बसून मी काय करणार होते? पस्तीस वर्षं लोकांना सांगितलं, आहात तिथे सांगा, आहे तेवढं सांगा. आणि स्वतः एका शब्दाचं खोटं लिहिलं." त्या कागदाकडे बघत होत्या. "काल त्या हेलिकॉप्टरात दोघं होते. जाताना ती मुलगी बसली. मी तिचा चेहरा बघितला ना गं."

मग त्यांनी पेन पुढे केलं. "तुझ्यावर जबरदस्ती नाही. तुझा परिच्छेद तू वाच, चुकीचं असेल ते बदल, बरोबर असेल तर सही कर."

मी वाचलं. एक गोष्ट बदलली. त्यांनी "पायलटने काही सेकंद उशीर केला" असं लिहिलं होतं. नोंदीत बघून मी तिथे एकतीस असं लिहिलं. आणि सही केली. माझा राग गेला होता असं नाही, तो रस्ताभर होता, द्वारकेच्या स्टेशनवर उतरेपर्यंत.

साहेबांनी आरडाओरडा केला, मग दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत आणि तिसऱ्या दिवशी रिपोर्ट पुढे पाठवला. मोठं काम मिळालं नाही. माझं उडवणं तीन महिने बंद झालं, नव्यानं प्रशिक्षण घ्यावं लागलं आणि शिकवण्याचा परवाना पुढे दीड वर्षानं मिळाला. बाईंची नोकरी गेली. शेवटच्या दिवशी साहेब स्वतः त्यांना खाली गाडीपर्यंत सोडायला गेले. काय बोलले माहीत नाही, पण त्या दिवसापासून आमच्याकडे नियम झाला, यंत्राचा आवाज कुणी बंद करायचा नाही, फार उंचावरची विमानं स्क्रीनवरून गाळायची, म्हणजे उरलेल्यांकडे बघितलं जाईल. आणि गावात जाऊन चौकशी केल्याशिवाय पेटी उघडायची नाही.

मागच्या हिवाळ्यात मी मयूर विहारला त्यांच्या घरी गेले. जायला उशीरच केला होता, थोडी लाजही वाटत होती. दार त्यांनीच उघडलं. दोन्ही कानांमागे बोराएवढी यंत्रं.

"ये गं. आणि हळू बोल, मला सगळं ऐकू येतं आता. डावीकडचं यंत्र तिकडचं सगळं उजव्या कानात पोचवतं. दिल्ली इतकी गोंगाटी आहे हे कुणी सांगितलं नव्हतं मला! हा फ्रिज बघ, रात्रंदिवस कण्हतो. मी दुरुस्तीवाल्याला बोलावलं तर तो म्हणतो, माताजी, सभी ऐसे ही बोलते हैं।"

आम्ही बाल्कनीत बसलो. मी नव्या मुलांना शिकवते ते सांगितलं. त्यांनी शंभर प्रश्न विचारले. ड्रोन आता स्वतःहून बाजूला होतात का? कुठल्या बाजूला? उजवीकडेच का? आणि समोर दुसरा ड्रोनही उजवीकडे वळला तर? मला सगळ्यांची उत्तरं आली नाहीत, याचा त्यांना आनंदच झालेला दिसला.

त्यांच्या यजमानांनी चहा आणून ठेवला. उंच, अबोल गृहस्थ, कुठल्याशा मंत्रालयातून निवृत्त झालेले. माझी चौकशी करून ते आत गेले आणि थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून भांडी मांडल्याचा आवाज आला, त्यापाठोपाठ गाण्याचा. अगदी मनापासून, ताना घेत.

बाईंनी माझ्या हातावर हात ठेवून मला गप्प केलं.

"निवृत्त झाल्यावर शिकायला लागले. क्लास लावला, रोज रियाज. मला विचारायचे, आज कसं झालं? मी म्हणायचे, छान. मला कुठे ऐकू येत होतं! तीन वर्षं मी मान डोलावलीये."

"आणि आता येतं ऐकू?"

"येतं ना." त्या पुढे वाकल्या आणि अगदी हळू म्हणाल्या, "फार वाईट गातात गं."

आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत त्या हसल्या, आवाज होऊ नये म्हणून तोंडावर पदर धरून. मीही हसले. आत वरचा सूर गाठायचा प्रयत्न चालला होता, तो काही केल्या गाठला जात नव्हता.

"मग सांगितलंत त्यांना?"

"छे!" बाईंनी डोळे पुसले. मग उठल्या, वेताची खुर्ची दोन्ही हातांनी उचलली, हॉलमधून नेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवली आणि तिच्यात नीट टेकून बसल्या.